गुरुवारचा ताप

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या सभेपुढे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी ‘बालसंगोपन’ या विषयावर दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. आयुष्यभर शाळेत मुलांना गणित शिकविले, एवढीच माझी विद्या. परंतु पुढे मनात विचार आला की, आमच्या घरी एका तान्ह्या मुलाच्या आजारपणात जे घडले आणि त्या काळात मी स्वतः जशी वागले, ते कोणीतरी चारचौघांत उघडपणे सांगितले पाहिजे. म्हणून आज मी उभी आहे ती उपदेश करण्यासाठी नव्हे. ही एका आजीची कबुली आहे, असे समजून आपण ऐकावे, एवढीच विनंती.

२०१८ सालच्या पावसाळ्यात आमच्या नातवाचा जन्म झाला. त्या वेळी आम्ही डोंबिवलीस राहत होतो. बाळ अंगाने भरलेले आणि हसतमुख होते. पाचव्या महिन्यात त्याला पहिला ताप आला. तीन-चार दिवस राहिला आणि गेला. लहान मुलांना ताप यायचाच, असे म्हणून आम्ही ते मनावर घेतले नाही. पुढे काही आठवड्यांनी पुन्हा ताप आला. त्यानंतर पुन्हा आला. दर खेपेस ताप १०२ अंशांपर्यंत चढे; बाळ दूध तोडी, चिडचिड करी, आणि जिभेच्या कडेला एखादा पांढरा व्रण दिसे. चार-पाच दिवसांत सर्व काही ओसरून मूल पूर्ववत खेळू लागे.

मी म्हटले, दात येत आहेत. शेजारच्या काकू म्हणाल्या, दृष्ट लागली असेल. कोणी म्हणाले, आईचे दूध बाधते. सूनबाईने कालच्या जेवणात काय खाल्ले याची चौकशी दर तापाला होऊ लागली. त्या बिचारीने आंबट सोडले, थंड सोडले, पुढे पुढे तर पोटभर जेवणेही सोडले. ताप मात्र यायचा तेव्हा आलाच. आजाराला नाव सापडले नाही, म्हणजे घरातील माणसे दोष ठेवण्यासाठी एखादे माणूस शोधतात. आणि ते माणूस बहुधा बाळाची आईच असते. आमच्याही घरात असेच झाले.

आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासावयास सांगितले. अहवाल आला, त्यात पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी फार कमी होत्या. डॉक्टर म्हणाले, विषाणूच्या तापानंतर असे पुष्कळदा होते. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासू. पुन्हा तपासले, तो अहवाल अगदी चांगला! मी तत्काळ निकाल दिला की, पहिल्या वेळी प्रयोगशाळेचीच चूक झाली असावी. तेवढ्यावर आम्ही स्वस्थ बसलो. पुढच्या तापात पुन्हा पेशी कमी, आणि ताप उतरल्यावर पुन्हा ठीक. एक कागद भीती घाली आणि दुसरा धीर देई. कोणत्या कागदावर विश्वास ठेवावा, हे कळेना. भगिनींनो, ज्यांनी हे अनुभवले असेल त्यांना ठाऊक आहे की, रोगाचे नाव कळले तर माणूस त्याच्याशी लढण्यास उभे राहते. नावच नसलेल्या आजारापुढे मात्र मन दिवसातून दहा वेळा खचते.

सूनबाई फार बोलणारी मुलगी नव्हे. तिने एकच गोष्ट केली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ज्या दिवशी ताप सुरू होई, त्या दिवशी लाल पेन्सिलीने फुली मारण्यास सुरुवात केली. मी ती दिनदर्शिका एकादशी आणि संकष्टी पाहण्यासाठी रोज चाळीत असे. एक दिवस माझ्या ध्यानात आले की, या फुल्या बहुतेक एकाच रांगेत पडल्या आहेत. ती रांग गुरुवारची होती.

आमच्या घराण्यात दत्ताची उपासना आहे. माझ्या यजमानांनी नरसोबाच्या वाडीस जाण्याचा नवस बोलला होता, आणि तो फेडण्यापूर्वीच त्यांना देवाज्ञा झाली. गुरुवारचीच रांग पाहताच माझ्या अंगावर काटा आला. मला वाटले, हे राहिलेल्या नवसाचे उत्तर आहे. मी गुरुवारचा उपवास धरला, बाळाच्या दंडाला धागा बांधला, आणि सूनबाईला बजावले, “अगं, ही गोष्ट कोणापाशी बोलू नकोस.” बोलू नकोस म्हणण्याचे दुसरेही एक कारण होते. माझ्या धाकट्या मुलीचे लग्न ठरविण्याचे चालले होते. ‘घरात मुलाच्या रक्तात दोष आहे’ ही बातमी ज्ञातीत पसरली, तर पोरीला स्थळे येणार नाहीत, ही भीती माझ्या मनात घर करून बसली होती.

आता मी ज्या प्रसंगाकडे येत आहे, तो सांगताना आजही माझा कंठ दाटून येतो.

बाळ दहा महिन्यांचे असताना एका गुरुवारी रात्री ताप आला. शुक्रवारी सायंकाळी मुलीला पाहण्यासाठी पाहुणे येणार होते. शुक्रवारी सकाळी सूनबाई म्हणाली, “आई, बाळ नेहमीसारखे दिसत नाही. दवाखान्यात नेऊ या.” मी म्हटले, “चार दिवसांत जातो हा ताप, तुला माहीत आहे. आज पाहुणे येऊन जाऊ देत.” तापाचे औषध दिले, अंग थोडे निवले, आणि मी त्या दोघांना मागच्या खोलीत बसवून दार लावून घेतले. पुढच्या खोलीत पोहे झाले, चहा झाला, पत्रिकांच्या गोष्टी झाल्या. पाहुणे गेले तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी दार उघडले. बाळ रडत नव्हते. हातपाय गार पडले होते, कातडीवर जाळीसारखे निळसर डाग उमटले होते, आणि हाक मारली तरी डोळे पुरते उघडीत नव्हते.

रुग्णालयात रक्त तपासले. एकूण पांढऱ्या पेशी ४,०००. त्यांत न्यूट्रोफिल अवघे २ टक्के. हिशोब करण्यास मला कागद लागला नाही. ८०. निदान हजार तरी असावयास पाहिजेत, तेथे ऐंशी. जंतू रक्तात पसरले होते. नऊ दिवस बाळ अतिदक्षता विभागात होते. परमेश्वराच्या कृपेने आणि तेथील डॉक्टर-परिचारिकांच्या श्रमांनी ते वाचले. परंतु काचेच्या दारापलीकडे उभी राहून त्या नऊ दिवसांत मी एकच गोष्ट मनात घोळवीत होते, की शुक्रवारी सकाळी ते दार मी लावले होते.

पाचव्या दिवशी रक्तरोगांच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाई आल्या. सूनबाईने घरून ती दिनदर्शिका मागवून घेतली होती. ती त्यांच्यापुढे ठेवली. मीही धीर करून माझी गुरुवारची शंका सांगून टाकली. मला वाटले, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आजी, तुमचे निरीक्षण बरोबर आहे, काढलेला अर्थ तेवढा तपासू या. ताप जर ठरावीक वारीच येत असेल, तर दोन तापांमधील दिवसांना सातने पूर्ण भाग गेला पाहिजे. मोजा पाहू.” मी मोजले. एकवीस. पुन्हा एकवीस. एकदा वीस, त्यापुढे बावीस, आणि पुन्हा एकवीस. आयुष्यभर मी मुलांना भागाकार शिकविला, आणि माझ्या स्वतःच्या भिंतीवरचा भागाकार मला दिसला नव्हता.

पुढे सहा आठवडे आठवड्यातून दोनदा बाळाचे रक्त तपासले. ते आकडे आलेखावर मांडले, तेव्हा भरती-ओहोटीसारखी रेषा उमटली. दर तीन आठवड्यांनी न्यूट्रोफिल तळाशी जात, तीन ते पाच दिवस तेथेच राहत आणि पुन्हा वर येत. या विकाराला ‘सायक्लिक न्यूट्रोपेनिया’ म्हणतात. आवर्तनाने येणारी न्यूट्रोफिलची घट, असा त्याचा अर्थ. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी होत. रक्तात त्यांचे आयुष्य जेमतेम काही तासांचे; म्हणून अस्थिमज्जेला त्या सतत तयार कराव्या लागतात. या विकारात ते उत्पादन ठरावीक काळाने मंदावते. पहारा उठला, म्हणजे तोंडात आणि आतड्यात एरवी निमूटपणे राहणारे जंतू डोके वर काढतात. त्यातून तोंडातील व्रण येतात, आणि त्यातूनच ताप येतो. ओहोटीच्या दिवशी रक्त घेतले तर अहवाल भयंकर येतो. भरतीच्या दिवशी घेतले तर उत्तम येतो. प्रयोगशाळेची चूक एकदाही झाली नव्हती. दोन्ही कागद खरे होते.

या विकाराचा इतिहासही बोधप्रद आहे. अशा एका बालकाचे वर्णन एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात १९१० साली प्रसिद्ध झाले. त्याला कारणीभूत असलेला जनुकातील दोष मात्र १९९९ साली सापडला. मध्ये ८९ वर्षे गेली. या काळात ज्या आयांनी ही दुखणी काढली असतील, त्यांना कोणी काय काय बोल लावले असतील, याचा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

जनुकाची तपासणी झाली तेव्हा माझ्या गर्वाचे घर खाली झाले. हा दोष आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. मी इतके महिने सूनबाईच्या माहेरच्या रक्ताकडे बोट दाखवीत होते. तिचे रक्त निर्दोष निघाले. दोष निघाला तो माझ्या मुलाच्या रक्तात! डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारले, “लहानपणी तोंड येत असे का?” तो म्हणाला, “हो, नेहमीच.” आणि मग मला माझे यजमान आठवले. त्यांचेही तोंड तीन-चार आठवड्यांनी येत असे. चाळिशीतच त्यांचे दात हलू लागले होते. तोंड आले की मी त्यांना मऊ भात आणि साजूक तूप वाढीत असे. तीस वर्षे मी त्या आजारासाठी मऊ भात शिजविला, आणि तो आजार आहे हे मला कळले नाही. त्यांचे रक्त आता तपासता येणार नाही, परंतु सर्व ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जुळते आहे.” वय वाढते तसा हा त्रास पुष्कळांत सौम्य होतो, म्हणून त्या दोघांच्या बाबतीत तो तोंड येण्यापुरताच राहिला असावा.

बाळाला पेशींची वाढ करणारे औषध सुरू झाले. ते कातडीखाली टोचून द्यावे लागते. सूनबाई ते शिकली. आता मीही शिकले आहे. या औषधाने आवर्तन पुरते जात नाही. परंतु ओहोटी उथळ होते आणि तिचे दिवस कमी होतात. दातांची निगा डोळ्यांत तेल घालून राखावी लागते. ताप आला तर आजही आम्ही त्याच घटकेला रुग्णालय गाठतो. नातू शाळेत जातो, झाडावर चढतो, आणि पाढे म्हणताना एकवीसच्या पाढ्यापाशी माझ्याकडे पाहून हसतो.

भगिनींनो, माझी कहाणी ऐकून कोणी घाबरून जाऊ नये. आमच्या बाळाचा विकार अत्यंत दुर्मीळ आहे. बालकांचे बहुसंख्य ताप साध्या विषाणूंचे असतात आणि आपोआप जातात. न्यूट्रोफिल कमी असल्याचा अहवाल आला, तरी बहुधा तोही विषाणूच्या तापाचाच परिणाम असतो आणि काही आठवड्यांत सुधारतो. काही बालकांत शरीरच या पेशींच्या विरुद्ध द्रव्ये तयार करते. अशा बालकांचे आकडे महिनोन् महिने कमी राहतात, पण ती मुले बहुधा धष्टपुष्ट असतात आणि बहुतेकांचा हा दोष पहिल्या काही वर्षांत स्वतःहूनच नाहीसा होतो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तापाच्या मुळाशी कित्येकदा मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग असतो. म्हणून डॉक्टरांनी लघवी तपासावयास सांगितली तर कंटाळा करू नये. तात्पर्य, नाव माहीत नसलेला आजार भयंकरच असेल असे नाही. आणि नाव माहीत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसावे, असेही नाही.

या अनुभवातून आम्ही जे शिकलो, ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट तापमापकाची. ‘अंग गरम लागते’ हा पुरावा नव्हे. डिजिटल तापमापक घरात असावा. आकडा, वेळ आणि तो कोठे लावून मोजला ते लिहावे. तापाचे औषध देण्यापूर्वी मोजावे. कारण औषधाने आकडा खाली येतो, आजार मात्र जागच्या जागी असतो. त्या शुक्रवारी आमची फसगत झाली ती येथेच. दात येताना अंग किंचित कोमट लागते, परंतु १०१-१०२ अंशांचा ताप दातांमुळे येत नाही. तो दातांच्या नावावर खपवू नये.

दुसरी गोष्ट वेळेची. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप आला, तर रात्र असो वा सण असो, डॉक्टरांकडे न्यावे. ज्या मुलाचे न्यूट्रोफिल कमी असल्याचे ठाऊक आहे, त्याच्या बाबतीत वय कितीही असो, हाच नियम. आणि कोणत्याही मुलाने दूध पुरते तोडले, ते निपचित पडले, श्वास जलद चालू लागला, झटके आले, टाळू फुगली, लघवी कमी झाली किंवा हातपाय गार पडून कातडीवर निळसर जाळी दिसली, तर घटकाभरही थांबू नये. मागच्या खेपेस आपोआप बरे वाटले होते, ही या खेपेची हमी नव्हे.

तिसरी गोष्ट रक्ताच्या अहवालाची. अहवालात आकड्यापुढे खूण दिसली की आपला जीव घाबरा होतो. परंतु कित्येकदा शेजारी छापलेली मर्यादा प्रौढ माणसाची असते. तान्ह्या मुलाच्या रक्तात लिंफोसाइट नावाच्या पेशी अधिक आणि न्यूट्रोफिल प्रमाणाने कमी असणे स्वाभाविक आहे. दोन-तीन महिन्यांच्या सुमारास हिमोग्लोबिनही निसर्गतः उतरते. म्हणून टक्केवारीवर निष्कर्ष काढू नये. हिशोब सोपा आहे: एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणावे आणि शंभराने भागावे. ७,००० पेशींत २० टक्के, म्हणजे १,४००. तान्ह्या बाळास ते चालते. ५०० च्या खाली आकडा आला तर तो गंभीर मानतात. तरीही एक अहवाल म्हणजे एका दिवसाचे छायाचित्र होय. सर्व अहवाल तारीखवार एकाच फायलीत ठेवावेत. चांगला आलेला अहवालही टाकून देऊ नये. आमचे निदान झाले ते वाईट कागदांवरून नव्हे, तर वाईट आणि चांगले कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर झाले.

चौथी गोष्ट वहीची. तापाची तारीख, आकडा, औषध, दूध, लघवी, तोंडातील व्रण, अंगावरील पुरळ, एवढ्या गोष्टी रोज दोन ओळींत लिहाव्यात. डॉक्टरांना आपण दहा मिनिटे भेटतो. त्या दहा मिनिटांत थकलेल्या आईला सर्व काही आठवत नाही. वही तिच्या वतीने बोलते. शिवाय घरात उरलेले अँटिबायोटिक आपल्या मनाने कधीही देऊ नये; त्यामुळे जंतू रक्ततपासणीत सापडेनासा होतो आणि निदान लांबते. लहान मुलाला ॲस्पिरिन देऊ नये. लसीच्या बाबतीत कोणाच्या ऐकीव सांगण्यावरून ती थांबवू नये अथवा देऊही नये, डॉक्टरांना विचारावे.

पाचवी गोष्ट आईची. रात्रीमागून रात्री जागणारी ती मुलगी आतून मोडत असते. तिला ‘काय खाल्लेस?’ असे विचारण्याऐवजी ‘तू जेवलीस का?’ असे विचारावे. एक रात्र सासूने जागावे, एक रात्र मुलाच्या वडिलांनी जागावे. भेटीस येणाऱ्यांनी सल्ल्याऐवजी डबा आणावा. आमच्या नऊ दिवसांत शाळेतील माझी एक जुनी सहकारी रोज सकाळी भाजी-भाकरी ठेवून, एक शब्दही न विचारता परत जात असे. तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आणि आता शेवटची गोष्ट, जी या मंडळाशी निगडित आहे. आपली ज्ञाती लहान. सर्वांचे सर्वांशी नाते. जेथे पिढ्यान् पिढ्या विवाह आपसांतच होतात, तेथे दोन्ही बाजूंचा सुप्त दोष एका बालकात एकत्र येण्याचा संभव वाढतो. रॉल्फ कोस्टमान नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९५६ साली तान्ह्या मुलांतील न्यूट्रोफिलच्या अशाच एका भयंकर आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. ते उत्तर स्वीडनमधील, एकमेकांशी नात्याने बांधलेल्या कुटुंबांतील मुलांवरूनच केले होते. आपल्याकडील थॅलसेमियाची गोष्टही अशीच आहे. आमच्या घरचा प्रकार निराळा, एकाच बाजूने येणारा. पण लपवालपवी मात्र सर्वत्र सारखीच. आपण स्थळ पाहताना पत्रिका जुळवितो, गोत्र विचारतो, घराण्यात कोण किती शिकले ते विचारतो. घराण्यात मुले कशाने आजारी पडली, हे विचारणे मात्र आपल्याला अशुभ वाटते.

सत्य सांगितल्याने नुकसान होत नाही, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. नुकसान होते. ज्या स्थळासाठी मी ते दार लावले, त्या मंडळींना पुढे माझ्या मुलीने स्वतः सर्व हकीकत सांगितली. त्यांचा निरोप पुन्हा आला नाही. तिने स्वतःचे रक्त तपासून घेतले. तिच्यात दोष नव्हता. तरीही ते स्थळ गेले ते गेलेच. दोन वर्षांनी तिचा विवाह झाला तो हे सर्व ठाऊक असलेल्या घरात झाला. त्या घरच्या मंडळींनी एकच प्रश्न विचारला होता: “बाळ आता कसे आहे?” मी मनात म्हटले, हाच प्रश्न माझ्या मुलीचे खरे स्थळ दाखवून गेला.

म्हणून मंडळाला माझी नम्र सूचना आहे. वधूवर सूचक विभागाने रक्ततपासणीची माहिती मुलामुलींना आवर्जून द्यावी. ती सक्ती म्हणून नव्हे, तर हिताचा सल्ला म्हणून. वर्षातून एक दिवस एखाद्या तज्ज्ञाचे मार्गदर्शन ठेवावे. आपल्या मुंबईत, परळ येथे के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. अशा संस्थांची माहिती आपल्या स्मरणिकेतून घरोघरी पोचावी. आणि कोणाच्या घरी मूल अनाकलनीय आजाराने अंथरुणाला खिळले, तर रात्री रुग्णालयात सोबत बसण्यासाठी चार माणसांची यादी मंडळाकडे तयार असावी. मिळालेली माहिती मात्र कोणाच्या मुलीला नाकारण्याचे हत्यार होऊ नये. कोणाच्या रक्तात काय आहे, हे कोणाचे पाप नव्हे, पुण्यही नव्हे.

माझ्या नवसाचे काय झाले, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले असेल. मागच्या दत्तजयंतीला आम्ही सर्व वाडीस जाऊन आलो. नातवाने कृष्णेच्या पाण्यात पाय बुडविले. त्याचे औषध बर्फाच्या डब्यात आमच्याबरोबर होते, आणि ठरलेल्या वेळी धर्मशाळेच्या खोलीत सूनबाईने ते टोचले. मी देवापुढे हात जोडून एवढेच म्हटले की, यापुढे माझ्या हातून कोणत्याही आजारी मुलाचे दार लावले जाऊ नये.

आपल्या घरीही असे एखादे दार लावलेले असेल, तर आज घरी गेल्यावर ते उघडावे, अशी प्रार्थना करते.